‘सगळ्यांचा आत्मा एकच, तर मग हे कोण होते?’

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकू माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. साठीच्या पुढच्या. यजमान हार्ट अटॅकने अचानक गेले, त्याला आठ महिने झालेले. भेटायला येणारा प्रत्येक जण बजावून जाई, ‘रडू नका, त्यांचा आत्मा अडकेल.’ काकूंनी रडणं गिळलं. मैत्रिणीने गीतेच्या वर्गाला नेलं. जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसं देहाचं, हे ऐकून जरा बरं वाटलं. पुढे अद्वैत निघालं: आत्मा एकच, तो ना जन्मतो, ना मरतो. झालं, झोपच उडाली.

‘‘मॅडम, मग हे कोण होते? आणि पुन्हा जन्म घेणार तो कोण?’’ बोलताना हात पर्समधल्या मोबाइलवर. तो ह्यांचा. काकू तो रोज रात्री चार्जिंगला लावत, रिचार्जही चुकवत नसत.

वेदान्त शिकवणं माझं काम नव्हे, आणि तेराव्याला ज्ञान वाटणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण प्रश्न खरा होता, म्हणून मला माहीत होतं तेवढं सांगितलं. शांकर वेदान्तात, म्हणजे शंकराचार्यांच्या अद्वैतात, जन्ममरणाची ये-जा आहे ती सूक्ष्म शरीराची: मन, बुद्धी, पाच प्राण आणि दहा इंद्रियं. संस्कार त्याच्याबरोबर जातात. ज्ञान होईपर्यंत, व्यवहारात, हा जीव खराच. आत्मा मात्र कुठे जात-येत नाही. घडा फुटला म्हणून आतलं आकाश प्रवासाला निघत नाही. तेव्हा तुमच्या रडण्याने अडकून पडेल अशी ती वस्तूच नव्हे. पुन्हा भेट होईल का, याची हमी मी देऊ शकत नाही.

‘‘बरं,’’ एवढंच म्हणाल्या. दिलासा काही मिळालेला दिसला नाही.

मग मैत्रेयीची गोष्ट सांगितली. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी तिला, म्हणजे आपल्या बायकोला, सांगतो, मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. ब्रह्माची चर्चा करणारी एवढी ब्रह्मवादिनी, पण तीही गडबडली. इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत, असं तिने तोंडावर सांगितलं. त्यावर ‘तुला कळत नाही, गप्प बस’ असं तो म्हणाला नाही. पुन्हा समजावत बसला.

‘‘तिलाही नाही कळलं?’’ काकूंनी विचारलं, आणि आठ महिन्यांचं रडू फुटलं. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि गप्प बसले. ‘आत्मा अमर आहे’ हे वाक्य कितीही खरं असलं, तरी समोरच्याचं तोंड बंद करायला वापरलं की त्याचा जाच होतो, असं माझं मत आहे.

पुढच्या खेपेला आल्या त्या तणतणतच. ‘‘वाचलं मी मराठीतून. तो याज्ञवल्क्य तर घरदार सोडून चालला होता! त्याचं काय जातंय सांगायला? मागे राहायचं तिला.’’ तिथून गाडी ह्यांच्यावर घसरली. बीपीच्या गोळ्या चुकवायचे. विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सांगितलं नाही. मुलाशी धरलेला अबोला तसाच ठेवून गेले. तासभर काकू भांडत होत्या. आत्म्याचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.