नळाचे पाणी तळणीसारखे ऐकू येत असेल तर

आपण विचारले आहे की, श्रुतिकेसाठी घरच्या नळाचे पाणी रेकॉर्ड केले तर ते पाणी न वाटता कढईतल्या तळणीसारखे का वाटते, आणि त्यासाठी महागडा माइक घ्यावा का. माझ्या मते माइक आहे तोच राहू द्यावा. बदलायचे ते भांडे आणि धार.

ज्या नादावरून आपण पाणी ओळखतो, तो मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. भौतिकशास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी 1933 मध्ये बुडबुड्याचा आकार आणि स्वर यांचे नाते मांडले. त्यानुसार एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे 3.3 किलोहर्ट्झला, तर तीन मिलिमीटरचा सुमारे 1.1 किलोहर्ट्झला वाजतो. पूर्ण सोडलेली धार मोरीच्या फरशीवर आपटते, तेव्हा असे सुटे स्वर जवळजवळ नसतातच. उरतो तो सपाट खरखराट, आणि नळ डोळ्यांसमोर नसल्यामुळे कान त्याला तळणीही समजतो.

म्हणून धार बारीक ठेवून ती थोडे पाणी असलेल्या पितळी गुंडात सोडावी. गुंड भरत जातो तसा आतल्या हवेचा स्तंभ आखूड होऊन स्वर चढतो, आणि भांडे भरत आल्याचे श्रोत्याला संवादाशिवाय कळते. हे मुद्रण सलग करावे. मधला तुकडा कापल्यास स्वराची उडी लगेच जाणवते.

रिमझिम पाऊस किंवा झरा हवा असल्यास नागपुरात कूलरइतके सोयीचे साधन नाही. पंखा बंद करून फक्त पंप चालू ठेवला, की गवताच्या ताट्यांवरून टाकीत ठिबकणारे पाणी फार सुरेख मिळते. पंपाची घरघर बहुधा 100 हर्ट्झ आणि तिच्या पटींत असते. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेखालचे खर्जातले आवाज अडवणारी गाळणी, 150 हर्ट्झच्या आसपास लावल्यास तिचा मोठा भाग जातो. मात्र रेकॉर्डर बॅटरीवरच चालवावा आणि पंप चालू असताना कूलरच्या पत्र्याला किंवा पाण्याला हात लावू नये. दरवर्षी उन्हाळ्यात त्याने माणसे दगावतात, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

पाण्याच्या आवाजासाठी नागपुरातल्या फुटाळा तलावावर जाण्याची घाई करू नये. संथ पाणी फारसे वाजत नाही, आणि मुद्रणात रस्त्यावरची वाहनेच अधिक येतात.

मिश्रण करताना नळाची मूळ धार अगदी हळू ठेवून तिच्यावर गुंडातले मुद्रण चढवावे, आणि संवाद सुरू होताच दोन्ही आणखी खाली आणावे, कारण व्यंजनांची स्पष्टताही याच दोन-चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते.