'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमात दाखवलंय तसा केन माइल्सवर खरंच अन्याय झाला होता का?

झाला होता. पण सिनेमा सांगतो तितकं ते सरळ प्रकरण नव्हतं. शिवाय माइल्सच्या जोडीने आणखी एका माणसाचा विजय हुकला, आणि त्याला सिनेमानेच जवळजवळ गाळून टाकलंय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६३ मध्ये फोर्डने फेरारी कंपनी विकत घ्यायचा घाट घातला होता. रेसिंगचा कारभार कोणाच्या हातात राहणार यावरून एन्झो फेरारीने ऐनवेळी सौदा मोडला. हेन्री फोर्ड (दुसरा) चिडला आणि फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीची जिरवायचीच असं त्याने ठरवलं. रेसिंग गाड्या बनवणारा अमेरिकन कॅरल शेल्बी आणि मूळचा इंग्रज ड्रायव्हर केन माइल्स यांनी जीटी-४० गाडीवर जीव तोडून काम केलं आणि जून १९६६ मध्ये फोर्डने पहिले तीनही क्रमांक पटकावले. इथवर सगळं खरं आहे.

आता तो शेवट. माइल्स पुढे होता. तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडताहेत असा फोटो फोर्डच्या साहेबांना हवा होता, म्हणून त्याला वेग कमी करायला लावला. हा निर्णय फोर्डच्या लिओ बीबीचा. गंमत म्हणजे तिसरी गाडी तब्बल १२ फेऱ्या मागे होती, ती निव्वळ फोटोपुरती! पण तिथे २४ तासांत सर्वांत जास्त अंतर कापेल तो विजेता. त्या काळी गाड्या सरावातल्या वेळेनुसार रस्त्याच्या कडेला तिरप्या लावलेल्या असत आणि ड्रायव्हर धावत जाऊन त्यात बसत. ब्रूस मॅकलॅरन आणि ख्रिस एमन यांची, फोर्डचीच दुसरी गाडी माइल्सच्या गाडीपेक्षा काही मीटर मागे उभी होती. दोन्ही गाड्या बरोबरीने पोचल्या, तर मागून निघालेलीने तेवढे मीटर जास्त कापले. झालं, विजय मॅकलॅरन-एमनचा. शेवटच्या क्षणी माइल्सने पाय काढला की मॅकलॅरनने दाबला, यावर शौकीन मंडळी अजूनही भांडतात.

त्याच वर्षी माइल्सने अमेरिकेतल्या डेटोना आणि सीब्रिंग या लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकल्या होत्या, त्यामुळे एकाच वर्षात तिन्ही मोठ्या शर्यती मारण्याची संधी गेली. हळहळ वाटते ती त्याचीच. पण दैव काही कायम त्याच्या विरोधात नव्हतं. सीब्रिंगला अगदी शेवटच्या फेरीत डॅन गर्नीची गाडी बंद पडली, त्याने ती ढकलत नेली म्हणून तो बाद झाला आणि विजय माइल्सच्या पदरात पडला. शिवाय मॅकलॅरनलाही ले मान्स फुकटात मिळालं नाही. सुरुवातीला त्याच्या फायरस्टोन टायरचे तुकडे उडत होते, त्यात बराच वेळ गेला. मग गुडइयरचे टायर चढवून दोघांनी तो वेळ भरून काढला. सिनेमात हे कुठे आहे?

बाकीच्या थापा पटकन सांगतो. एन्झो फेरारी त्या शर्यतीला हजरच नव्हता, त्यामुळे माइल्सला दिलेली ती मानवंदना काल्पनिक. शेल्बीच्या शेजारी बसून हेन्री फोर्डचं ते रडणं, तेही रचलेलं. आणि माइल्सला आधी ले मान्सपासून लांब ठेवलं वगैरे काही नाही. १९६५ मध्ये तो तिथे होता, तेही चक्क मॅकलॅरनच्याच जोडीला, आणि गिअरबॉक्सने दगा दिल्यामुळे बाहेर पडला.

ब्रेकचा भाग मात्र खरा आणि माझा सर्वांत आवडता. सात लिटरचं इंजिन, जडशीळ गाडी, ले मान्सच्या मुलसान नावाच्या लांबलचक सरळ रस्त्यावर ताशी ३२० किमीच्या वर वेग आणि पुढे लगेच काटकोनी वळण. दर फेरीला, अंधारातसुद्धा. ब्रेकच्या डिस्क लालबुंद व्हायच्या, मग सरळ रस्त्यावर वारा लागून गार पडायच्या आणि या तापण्या-निवण्यात त्यांना तडे जायचे. २४ तास टिकेल अशी डिस्क बनेना, तेव्हा शेल्बीकडच्या फिल रेमिंग्टनने पिटमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीला थांबते तिथे, झटपट बदलता येईल अशी रचना केली. डेट्रॉइटजवळ फोर्डने तर आख्खं इंजिन यंत्रावर चढवून ले मान्सच्या फेऱ्यांबरहुकूम तासन् तास पळवून पाहिलं होतं. शर्यत जिंकली ती या असल्या उद्योगांनी.

आता तो गाळलेला माणूस: माइल्सचा गाडीतला जोडीदार डेनी हल्म. २४ तासांच्या शर्यतीत त्या काळी एका गाडीला दोन ड्रायव्हर असत, आलटून पालटून चालवत. सिनेमा बघून वाटतं माइल्सने एकट्यानेच दिवसरात्र गाडी हाकली. म्हणजे द्विशतकी भागीदारी दाखवायची आणि दुसऱ्या टोकाचा फलंदाज फक्त पॅड बांधताना दाखवायचा, तसं झालं. फोटोच्या हट्टापायी माइल्सचं जेवढं गेलं तेवढंच या न्यूझीलंडच्या गड्याचं गेलं. सुरुवातीच्या काळात अनवाणी गाडी चालवणारा हा माणूस पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. सिनेमात त्याची भूमिका बेन कॉलिन्सने केलीय, म्हणजे 'टॉप गिअर' या गाड्यांवरच्या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात वर्षानुवर्षं चेहरा झाकून गाडी चालवणारा 'स्टिग'. भूमिका देणाऱ्याने मुद्दाम खोडी काढली असेल तर त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.