‘सुटला’ आणि ‘सुटलो’

प्रश्न असा आला आहे: एका जुलमी, लोकांना नकोशा झालेल्या राजाच्या मृत्यूवरचा मजकूर मराठीत आणताना ‘राजाचे दुःखद निधन झाले आणि जनतेत आनंदाची लाट पसरली’ असं वाक्य तयार झालं. ते खटकतंय. ‘निधन’ म्हणावं, की सरळ ‘मेला’? आणि लोकांना त्या वेळी जे वाटतं त्याला मराठीत नेमका शब्द आहे का?

खटकतंय ते बरोबर आहे, पण दोष एकट्या ‘निधन’चा नाही. संस्कृतात ‘निधन’ म्हणजे नुसता शेवट, मरण. गीतेतल्या ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’मध्ये आदराचा गंधही नाही. मराठीत हा शब्द शोकवार्तेत स्थिरावला, त्याच्यामागे ‘दुःखद’ येऊन चिकटलं, आणि आता ‘निधन’ म्हटलं की लिहिणाऱ्याने मान तुकवली आहे असं वाटतं. दुसऱ्या टोकाला ‘मेला’. मुळात साधं क्रियापद. ‘लढाईत दोन हजार सैनिक मेले’ हे आजही चालतं, कारण तिथे मोजदाद आहे. ‘आमचे शेजारी मेले’ असं मात्र कुणी म्हणत नाही. एका माणसाबद्दल ‘मेला’ वापरलं की त्याच्या मरणाआधी बोलणाऱ्याचा राग ऐकू येतो. निवेदकाला राग दाखवायचा नसेल तर ‘राजाचा मृत्यू झाला’ किंवा ‘राजा मरण पावला’ पुरेसं आहे. त्यात आदर नाही, अनादरही नाही.

आता लोकांच्या भावनेचा शब्द. माझ्या मते तो नाम नाहीच. तो ‘एकदाचा’ आहे. ‘गेला एकदाचा.’

या छोट्या शब्दात किती काय आहे पाहा. खूप दिवस वाट पाहिली, मध्ये जीव मेटाकुटीला आला, संपेल असं वाटेनासं झालं, आणि मग संपलं. फ्रान्सचा चौदावा लुई १ सप्टेंबर १७१५ रोजी वारला तेव्हा त्याला गादीवर बसून ७२ वर्षं झाली होती. बहुतेक प्रजेने दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता. पाहिल्या होत्या त्या लढाया, कर आणि उपासमार. त्याचं शव सेंट डेनिसला, फ्रेंच राजांच्या दफनस्थानी, नेलं जात असताना वाटेवर छोटे तंबू ठोकलेले होते आणि तिथे लोक पीत, गात, हसत होते, असं फ्रेंच लेखक व्होल्टेअरने स्वतः पाहून लिहून ठेवलं आहे. या तंबूंना ‘आनंदोत्सव’ म्हटलं तर चूक नाही, पण ७२ वर्षं गळून जातात. ‘एकदाचा’मध्ये ती राहतात.

त्याच्या जोडीचं क्रियापद ‘सुटणं’. इथे मराठीचं व्याकरण फार सुंदर काम करतं. अंथरुणाला खिळलेला आपला माणूस गेला की आपण म्हणतो, ‘सुटला बिचारा’. सुटणारा तो, त्याच्या यातनांतून. जुलमी सत्ताधीश गेला की लोक म्हणतात, ‘सुटलो’. सुटणारे आपण, त्याच्या जाचातून. धातू तोच, फक्त प्रत्यय बदलला आणि दुःख कुणाचं होतं ते कळलं. अनुवादात ‘लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला’ असा ठोकळा वापरण्यापेक्षा हा एक प्रत्यय मला कितीतरी मोलाचा वाटतो.

रोममध्ये हीच गोष्ट लोकांनी शब्दांऐवजी टोपीने सांगितली. सम्राट नीरोने सन ६८ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा लोक डोक्यावर एक विशिष्ट टोपी घालून शहरभर धावत सुटले, असं चरित्रकार स्युटोनियस सांगतो. ती टोपी मालकाने मुक्त केलेला गुलाम घालत असे. ‘सुटलो’ याचं याहून स्पष्ट रूप मला माहीत नाही. पण तोच स्युटोनियस पुढे लिहितो की नीरोच्या थडग्यावर काही लोक कितीतरी काळ वसंतातली आणि उन्हाळ्यातली फुलं वाहत राहिले.

म्हणून ‘जनतेत आनंदाची लाट’ यातल्या ‘जनते’वरही माझा आक्षेप आहे. जनता कधीच एका सुरात बोलत नाही. सन ९६ मध्ये सम्राट डोमिशियनचा राजवाड्यातच खून झाला. सिनेटला, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेला, इतका हर्ष झाला की सदस्यांनी शिड्या मागवून त्याच्या प्रतिमा खाली ओढून आपटल्या आणि शिलालेखांतलं त्याचं नाव खोडून टाकण्याचा ठराव केला. सैनिक मात्र शोकाने आणि संतापाने पेटले. आणि सामान्य लोक? त्यांना फारसं काहीच वाटलं नाही. या तिसऱ्या अवस्थेला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: त्यांना सोयरसुतक नव्हतं. सोयर जन्माचं, सुतक मरणाचं. ज्याचं दोन्हीही आपल्याला लागत नाही तो आपला कुणीच नाही. राजाच्या मृत्यूबद्दल हे म्हणता येणं, ही मला शिव्याशापांहून कठोर गोष्ट वाटते. राग यायलाही काही नातं लागतं.

‘गेला’बद्दल एक सांगायचं राहिलं. हे क्रियापद निघून जाणं आणि मरणं, दोन्हींना चालतं. इराणच्या शाहने १६ जानेवारी १९७९ रोजी देश सोडला तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रात भल्यामोठ्या अक्षरांत दोनच शब्द होते: ‘शाह रफ्त’. शाह गेला. ‘आमदरफ्त’ (ये-जा) या फारसी शब्दातला हाच तो ‘रफ्त’. लोक त्या दिवशी रस्त्यावर नाचले. शाहचा मृत्यू त्यानंतर दीड वर्षाने, २७ जुलै १९८० रोजी कैरोत झाला. पण त्याच्या प्रजेचं ‘गेला एकदाचा’ आधीच म्हणून झालं होतं.

‘दुखवटा’ आणि ‘हळहळ’ यांत गल्लत होऊ देऊ नका. त्यांची क्रियापदं पाहा. दुखवटा जाहीर होतो, पाळला जातो, म्हणजे तो हुकमाने होऊ शकतो. हळहळ वाटते, ती जाहीर करता येत नाही. दरबाराने दुखवटा जाहीर केला म्हणून ‘सारा देश हळहळला’ असं लिहिणं म्हणजे दरबाराच्या हुकमावर आपणही सही करणं.

अशा वेळी ‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन हमखास काढलं जातं आणि आनंद करणाऱ्यांना गप्प केलं जातं. वाल्मीकि रामायणात रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो, तेव्हा राम त्याला हे सांगतो: वैर मरणाबरोबर संपतं, आपलं काम झालं, आता याचे संस्कार कर. वचन मोठंच आहे. पण ते जिंकलेल्याने हरलेल्याबद्दल काढलेले उद्गार आहेत, प्रेताची विटंबना होऊ नये म्हणून. वैराला दोन बाजू असतात, दोघांच्या हातांत शस्त्र असतं. राजा प्रजेला छळतो त्याला मराठीत वैर म्हणत नाहीत, जाच म्हणतात. ज्यांनी जाच सोसला त्यांनी सुटल्यावर काय म्हणावं, याबद्दल त्या श्लोकात एक अक्षर नाही. त्यांचं तोंड बंद करायला तो वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘राजाचा मृत्यू झाला. दरबाराने दुखवटा जाहीर केला. रस्त्यात लोक एकमेकांना हळूच सांगत होते, सुटलो एकदाचे.’ इथे ‘एकदाचा’ नको, ‘एकदाचे’च हवं. ‘गेला एकदाचा’मध्ये तो शब्द राजाशी जुळतो, ‘सुटलो एकदाचे’मध्ये लोकांशी.