महागड्या यांत्रिक घड्याळात खरंच नवं इंजिनिअरिंग असतं, की आपण फक्त नावाचे पैसे मोजतो?

तुमची शंका पुष्कळ घड्याळांच्या बाबतीत रास्त आहे. सोनं, हिरे आणि नाव बाजूला काढलं तर आत जुनीच रचना असते. पण सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. युलिस नार्डिन या स्विस कंपनीचं २००१ सालचं ‘फ्रीक’ बघा.

आधी अडचण कुठे असते ते सांगतो. माझ्याकडे वडिलांचं चावीचं एचएमटी आहे. दर काही वर्षांनी ते उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावं लागतं. स्प्रिंगची ताकद एस्केपमेंट नावाच्या यंत्रणेतून थोडी थोडी सुटते, आणि तिथे चाकाचे दाते पॅलेट या छोट्या तरफेच्या माणकांवर प्रत्येक टिकटिकीला घासतात. सेकंदाला पाच ठोके धरले तरी दिवसाचे ४,३२,००० होतात. तिथलं तेल सुकलं किंवा घट्ट झालं की घड्याळाची चाल बिघडते. म्हणजे घड्याळजींचं खरं भांडण तेलाशी आहे.

घड्याळकार लुडविग ऑक्सलिन यांनी फ्रीकमध्ये एस्केपमेंटची चाकं सिलिकॉनची केली. मनगटी घड्याळात हे पहिल्यांदाच घडलं. सिलिकॉनचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे दर ठोक्याला थांबून पुन्हा निघणाऱ्या चाकाला कमी ताकद लागते. चुंबकाचा त्यावर परिणाम नाही, आणि घर्षण इतकं कमी की तेलाची गरजच उरत नाही. ही चाकं धातूसारखी कापून किंवा घासून बनवत नाहीत. संगणकाच्या चिपसारखी पातळ चकतीतून कोरून काढतात. शिवाय चाकं दोन आहेत. दोन्ही आळीपाळीने बॅलन्स व्हीलला, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाला, थेट धक्का देतात, मधल्या पॅलेटमधून नाही.

रचना तर मला त्याहून आवडते. याला काटे नाहीत, चावी द्यायची बाजूची खुंटीही नाही. चाकं आणि बॅलन्स एका लांब पट्टीवर मांडलेत आणि ती अख्खी पट्टी तासाला एक फेरी घेते, म्हणजे यंत्रच मिनिटकाटा! बॅलन्सही तिच्याबरोबर फिरत राहतो, त्यामुळे घड्याळ उभं असताना गुरुत्वाकर्षणाने होणारी चूक सगळ्या दिशांना वाटली जाते. मुख्य स्प्रिंग या सगळ्याच्या खाली, जवळजवळ घड्याळाच्या रुंदीएवढी. म्हणून एकदा चावी दिली की आठवडाभर चालते. चावी द्यायची ती मागचं झाकण फिरवून, वेळ लावायची ती पुढची कडी फिरवून. मध्यभागी फिरणाऱ्या यंत्राची मूळ कल्पना कॅरोल फोरेस्टिये या तरुण तंत्रज्ञ बाईंची, हेही आवर्जून सांगायला हवं.

उणीवही आहे. सिलिकॉन ठिसूळ असतं. वाकत नाही, सरळ तुटतं. वडिलांच्या घड्याळाचा सुटा भाग आमचे घड्याळजी जुन्या डबीतून शोधून काढतात, वेळ पडली तर घासून बसवतात. फ्रीकचं चाक तुटलं तर ते कंपनीकडूनच यावं लागतं.