एकाच बदलासाठी अनेक प्रस्ताव असतील तर ओपन सोर्सवाले (ज्यांच्या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांना खुला असतो ते) मतदान कसं घेतात?
नाशिकच्या तुमच्या कोडिंग ग्रुपने तीन प्रस्तावांवर हात वर करून मतं घेतली, म्हणूनच वाद झाला. मिळतेजुळते प्रस्ताव एकमेकांची मतं खातात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं बघा: 2018 मध्ये तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम प्रमुखपदावरून पायउतार झाले, आणि पुढचा कारभार कसा चालवायचा यावर सात प्रस्ताव आले. कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे पायथनचा मुख्य कोड सांभाळणाऱ्यांनी, ते पसंतीक्रमाने लावले, मग कॉन्डॉर्सेट पद्धतीने प्रत्येक जोडी समोरासमोर तपासली. बाकी सगळ्यांना जो हरवतो, तो विजयी. पायथनचा कारभार पाहणारी पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल अशीच आली. मतपत्रिकेवर 'अजून चर्चा करू' हाही पर्याय होता. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नको असलेला प्रस्ताव निव्वळ घाईपोटी गळ्यात पडत नाही. पुढच्या बैठकीत तोही ठेवाच. पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत मात्र प्रस्तावाला दोन तृतीयांश मतं लागतात.