पावसाळी मुलखात .३२ बोअरचे पिस्तूल बाळगणे आणि त्याची निगा राखणे

आपण विचारले आहे की, व्यवसायाच्या कारणाने शस्त्रपरवाना नुकताच मंजूर झाला असून छोटे अर्धस्वयंचलित पिस्तूल घेण्याचा विचार आहे, तर ते कोकणातल्या घरात नीट टिकेल का आणि त्याची देखभाल कितपत अवघड असते. मी सावंतवाडीजवळ राहते. आमचा काजूचा कारखाना आहे आणि हंगामात शेतकऱ्यांना काजूबियांचे पैसे बहुतेक वेळा रोखीने चुकते करावे लागतात, त्यामुळे माझ्या नावावर बऱ्याच वर्षांपासून परवाना आणि .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) पिस्तूल आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : यंत्र म्हणून हे हत्यार सांभाळणे मुळीच अवघड नाही, परंतु त्याची निगा निम्मी तेलाची आणि निम्मी कागदांची असते, आणि दोन्हींपैकी एकीकडे दुर्लक्ष करणाऱ्याने ते घेऊ नये.

प्रथम काय मिळते ते पाहू. ९ मिमी हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडतो, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला आत्मसंरक्षणासाठी घेता येते ते पिस्तूल बहुधा .३२ चेच, म्हणजे ७.६५ मिमीचे असते. देशी बनावटीत इशापूर रायफल फॅक्टरीचे ‘अशनी’ सर्वांच्या परिचयाचे आहे. सरकारी शस्त्र कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून हा कारखाना ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहे. जुन्या आयात केलेल्या वॉल्थर वगैरे पिस्तुलांना अजूनही भरमसाट किमती येतात. त्या किमतीत नावाचा वाटा मोठा असतो आणि सुटे भाग मिळण्याची खात्री नसते, म्हणून मी त्या वाटेला जाण्याचा सल्ला देणार नाही. एक गोष्ट मात्र दुकानात गेल्यावर पक्की लक्षात ठेवा. कानपूरला बनणाऱ्या रिव्हॉल्व्हरलाही (फिरत्या चक्रीच्या हत्यारालाही) .३२ च म्हणतात, पण त्याचे काडतूस लांब आणि बुडाला रुंद कडेचे असते, पिस्तुलाचे आखूड असते, आणि एकाचे दुसऱ्यात चालत नाही. काडतुसे मागताना नुसते ‘बत्तीसची द्या’ असे न म्हणता पिस्तुलाची, ७.६५ ची, असे स्पष्ट सांगावे आणि खोके उघडून पाहावे.

कागदांचे थोडक्यात सांगते, कारण ते आपल्याला परवाना काढताना बरेचसे कळलेच असेल. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. खरेदीनंतर हत्यार परवाना शाखेत दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा लागतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी गेलेला बरा. आपल्या भागातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे परवान्याचे क्षेत्र. आमच्याकडून बांद्यापुढे पत्रादेवी ओलांडली की गोवा लागतो आणि लोक बाजारहाटाला, दवाखान्याला सहज पलीकडे जातात. परवाना केवळ महाराष्ट्रापुरता असेल तर कमरेला पिस्तूल लावून हा प्रवास करणे गुन्हा ठरतो, मग आपला हेतू कितीही साधा असो. बाहेर नेताना ते होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. लग्नात, वरातीत हवेत बार काढण्याची हौस ज्यांना आहे, त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे, आणि ती योग्यच आहे असे मला वाटते.

आता यंत्राकडे वळू. ७.६५ चे काडतूस अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी तयार केले, आणि त्यावर चालणारी बहुतेक छोटी पिस्तुले ‘ब्लोबॅक’ पद्धतीची असतात. म्हणजे बार उडताना मागची बाजू कोणत्याही कुलपाने बंद नसते. स्लाइडचे, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी भागाचे, वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच ती क्षणभर थोपवून धरलेली असते, तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि मग स्लाइड मागे जाऊन काडतुसाची रिकामी पुंगळी फेकते. याचा व्यवहारातला परिणाम असा की, पिस्तूल आकाराने लहान असूनही त्याची स्प्रिंग ताठ असते आणि स्लाइड ओढायला हातात जोर लागतो. घेण्यापूर्वी दुकानात रिकामे पिस्तूल हातात घेऊन स्लाइड स्वतः ओढून पाहावी. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे किंवा जे वर्षातून एकदाही सराव करणार नाहीत, त्यांनी रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्यात काडतूस आहे की नाही ते चक्री उघडली की डोळ्यांना दिसते, पिस्तुलात ते दिसत नाही.

दुसरा परिणाम काडतुसाच्या घडणीचा आहे. ७.६५ च्या बुडाची कडा पुंगळीपेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची डबी, भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली तर स्लाइड पुढे येताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि पिस्तूल जाम होते. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस दाबून मागपर्यंत सरकवावे, मग मॅगझिनची पाठ तळव्यावर हलकेच आपटावी आणि वरचे काडतूस अंगठ्याने थोडे दाबून ते सहज वरखाली होते का ते पाहावे. भरलेले मॅगझिन ठेवल्याने स्प्रिंग मरते अशी समजूत आहे, ती फारशी खरी नाही. स्प्रिंग पुन्हापुन्हा दबण्याने झिजते. मॅगझिनचा खरा शत्रू म्हणजे ते फरशीवर पडणे, कारण त्याच्या वरच्या ओठांना थोडा जरी बाक आला तरी काडतूस वाकडे चढते.

साफसफाई सुरू करताना काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत. आधी मॅगझिन काढायचे, नंतर स्लाइड पूर्ण मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, उजेडात पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर ओढलेले काडतूस बाहेर पडते पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस नळीत चढवून ठेवते, आणि हातात मॅगझिन असल्यामुळे माणूस पिस्तूल रिकामे समजतो. ‘साफ करताना गोळी सुटली’ अशी बातमी वाचली की मला आधी हाच क्रम आठवतो.

पिस्तूल माहितीपुस्तिकेत दिले असेल तेवढेच उघडावे. नळीतून आधी सॉल्व्हंटने (काजळी विरघळवणाऱ्या द्रवाने) भिजवलेली चिंधी, मग पितळी ब्रश, मग कोरड्या चिंध्या ती स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात. शक्य असेल तिथे सळई चेंबरच्या बाजूने घालावी, आणि तोंडाकडून घालावी लागली तर ती नळीच्या कडेला घासू देऊ नये. काजळी सर्वांत जास्त साचते ती स्लाइडच्या आत, पुंगळी धरणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आणि चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर. तिथे जुना टूथब्रश आणि दात कोरायची लाकडी काडी यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. तेल लावायचे ते फक्त स्लाइडच्या खाचांना आणि नळीच्या बाहेरच्या भागाला, थेंबाने, आणि मग कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळ्याच्या, भोकात तेल ओतण्याची सवय वाईट. त्यात धूळ बसून चिकटा होतो आणि पिन मंद चालते.

कोणते तेल, हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. गन ऑइल मिळाले तर उत्तम. शिलाई मशीनचे तेल चालते, पण ते पातळ असल्याने लवकर उडून जाते आणि पावसात पुन्हापुन्हा लावावे लागते. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला चांगले आहे, मात्र तेवढ्यावर महिनाभर भरवसा ठेवू नये. खोबरेल तेल कोणी कितीही आग्रहाने सुचवले तरी लावू नका, ते काही काळाने चिकट होते आणि थंडीत थिजते.

सावंतवाडीसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपलांनाही बुरशी चढते, आणि काळ्या झिलईच्या पोलादावर हाताच्या घामाचा ठसा राहिला तर तिथे तांबूस डाग उमटायला वेळ लागत नाही. या महिन्यांत पंधरा दिवसांनी एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी पिस्तूल बाहेर काढून तेलाच्या फडक्याने पुसणे पुरेसे होते. प्रत्येक वेळी सगळे सुटे करण्याची गरज नाही. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ते कधीही साठवू नका. चामडे ओल धरते, कमावण्यासाठी वापरलेली रसायने त्यात शिल्लक असतात, आणि गंज नेमका शिलाईच्या रेषेवर उठतो. होल्स्टर नेण्यापुरते. घरात तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात आणि तो डबा भिंतीला पक्क्या केलेल्या पोलादी तिजोरीत ठेवावा. सिलिका जेल ओल शोषून भरते, तेव्हा ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र आपण दिलेलेच असते, आणि घरात मुले असतील तर तिजोरीची किल्ली देवघरात किंवा उशाखाली ठेवण्याची पद्धत आजच बंद करावी.

काडतुसांना तेल लागू देऊ नका. पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीतून तेल आत झिरपले तर काडतूस फुसके निघते. आपल्याकडच्या पुष्कळ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही खूण दिसेल, ती खडकीच्या कारखान्याची. ती चांगली असली तरी जुना साठा आधी संपवावा आणि हिरवट डाग पडलेली काडतुसे बाजूला काढून विक्रेत्याकडे न्यावीत. सरावात चाप ओढल्यावर बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच रोखून अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबून, पिस्तूल रिकामे करून, नळी आरपार दिसते का ते पाहावे. गोळी आत अडकलेली असताना दुसरा बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते.

सराव शेतात किंवा रानात करायचा नसतो, तो मान्यताप्राप्त रेंजवर आणि आधी परवानगी घेऊन करायचा. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कोल्हापूरने तर तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत अशा नेमबाज दिल्या आहेत, त्यामुळे आपल्याला प्रशिक्षकासाठी फार लांब जावे लागणार नाही. चापावरचे बोट सुधारायला .३२ ची महाग काडतुसे जाळण्यापेक्षा एअर पिस्तुलावर शिकणे स्वस्तही पडते आणि अधिक उपयोगी होते.

शेवटी निवडणुकीच्या काळाबद्दल. आचारसंहिता लागली की जिल्ह्यातली छाननी समिती परवाने तपासते आणि ज्यांना आदेश येतो त्यांना हत्यार जमा करावे लागते. जमा करण्यापूर्वी पिस्तुलाला नेहमीपेक्षा जाडसर तेल लावा, ते प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता कापडात गुंडाळा आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक, मॅगझिन किती व काडतुसे किती हे तिथेच लिहून घ्या. परत मिळाल्यावर त्याच पावतीवरून सगळे मोजून घ्या आणि गाठोडे तसेच तिजोरीत न टाकता त्याच दिवशी पिस्तूल उघडून पुसा, कारण एवढे दिवस ते कोणत्या ओलीत पडले होते हे आपल्याला कोणी सांगणार नाही.