‘द्विगुणी’, ‘चतुर्गुणी’ की ‘संयुक्त’ लस?

प्रश्न असा आहे : फ्लू आणि कोविडवर मिळून जी एकच लस विकसित होते आहे, तिला ‘द्विगुणी लस’ म्हणावं का? आणि फ्लूची ‘क्वाड्रिव्हॅलंट’ लस म्हणजे चार रोगांवरची का?

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. तिच्यात फ्लूचेच चार स्ट्रेन, म्हणजे विषाणूचे उपप्रकार असतात, दोन ‘ए’ आणि दोन ‘बी’. ‘बी’मधला यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर आढळलेला नाही, म्हणून आता पुन्हा तीन स्ट्रेनच्या लशीकडे वळले आहेत.

गोंधळ होतो तो ‘गुणी’मुळे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या ‘त्रिगुणी’ लशीत आपण रोग मोजतो; ‘व्हॅलंट’मध्ये मोजतात ते प्रतिजन (ज्याला शरीर प्रतिकार करतं तो लशीतला घटक) किंवा स्ट्रेन. फायझरची आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लस बायव्हॅलंट आहे, कारण तिच्यात त्या विषाणूच्या ए आणि बी या दोन उपगटांचं प्रथिन आहे. रोग मात्र एकच. तिला ‘द्विगुणी’ म्हटलं तर वाचणारा सरळ फसेल. स्ट्रेन मोजायचे असतील तिथे मी ‘द्विघटकी’, ‘त्रिघटकी’ म्हणेन.

फ्लू-कोविडच्या लशीला ‘द्विगुणी’ म्हणणं चूक नाही, पण ‘संयुक्त’ जास्त बरं. फ्लूचे तीन आणि कोविडचा एक असे चार घटक, रोग दोन. आकडा टाळलेलाच चांगला. मात्र एकाच भेटीत दोन दंडांवर दोन लशी टोचल्या तर ती ‘संयुक्त लस’ नव्हे. तिथे ‘दोन लशी एकाच वेळी’ असंच लिहावं.

हा फरक कामाचा आहे. दोन सुट्या लशी आधीच मान्य असल्या, तरी एका सिरिंजमध्ये आल्यावर एका घटकाचा प्रतिसाद दबू शकतो. म्हणून चाचणीत प्रत्येक स्ट्रेनची अँटिबॉडी पातळी वेगळी तपासतात. संयुक्त लशीची पातळी भागिले तुलनेच्या लशीची, या गुणोत्तराच्या ९५ टक्के विश्वासांतराची (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज, त्याची) खालची मर्यादा ०.६७च्या वर लागते, हा नेहमीचा निकष. २०२४मध्ये फायझर-बायोएनटेकची संयुक्त लस तिसऱ्या टप्प्यात फ्लू ‘ए’ आणि कोविडला पुरी पडली, फ्लू ‘बी’ला कमी पडली. अशा वेळी ‘लस निम्मी यशस्वी’ असं लिहू नये. कोणता घटक कमी पडला ते लिहावं.